आठवडाभराची भाजी

१६ नोव्हेंबर २००३, रविवार

तंबू माळ्यावरून खाली काढला. शिडी हलत होती. धरायला कोणी नव्हते, म्हणून कपाटाला टेकवून घेतली. तंबूला कुबट वास येतो आहे. गॅलरीत वाळत घातला.

यंदाही जायचे. डिसेंबरचा दुसरा आठवडा, वेल्ह्याच्या पुढे, नदीकाठची नेहमीची जागा. हिंदुराव नसला तरी जायचे.

वीस वर्षांत एकही डिसेंबर चुकलेला नाही. कंपनीत होतो तेव्हा रजा काढून जायचो. मी ड्रॉइंग ऑफिसात, हिंदुराव स्टोअरला. पुढे कंपनीने परदेशी भागीदार घेतला, ड्रॉइंगची टेबले उचलून तिथे संगणक बसवले आणि आम्हा दोघांना एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्ती दिली. त्या वर्षीही गेलो. कामाची वाटणी पहिल्या वर्षीच ठरली होती. स्वयंपाक त्याचा. भाजी माझी.

भाजी माझी म्हणजे निवडणे, बांधणे, नेणे आणि आठवडाभर ताजी ठेवणे. नियमही माझाच. गावातून काही घ्यायचे नाही. पुण्याहून नेलेल्या भाजीवर आठवडा काढायचा. गावात जाऊन भाजी घ्यायची तर मंडई काय वाईट आहे? हिंदुराव पहिल्या वर्षी या नियमाला हसला होता. नंतर हसला नाही.

बटाटे, सुरण, भोपळा मी नेत नाही. भोपळा कोणीही टिकवेल. खरे तर भोपळा कोणाच्या मदतीशिवाय टिकतो. मी नेतो भेंडी, गवार, वांगी, मिरच्या, कोथिंबीर. कांदे नेतो, पण ते भाजीत धरत नाही.

जूनमध्ये हिंदुराव मुलाकडे बंगलोरला गेला. कायमचा. अभिनव तिथे संगणकाच्या कंपनीत आहे, त्याने फ्लॅट घेतला आहे, नातू झाला आहे. मला सांगितले ते जाण्याच्या आदल्या आठवड्यात, याच गॅलरीत, चहा पिताना. दूधवाला उद्या येणार नाही असे सांगावे तसे सांगितले. मी म्हणालो, बरं.

संध्याकाळी सात वाजता फोन वाजला. रविवारी सातला तोच करतो. पहिले दोन महिने उचलत होतो. आता उचलत नाही. वाजणे थांबेपर्यंत तंबूच्या दोऱ्या सोडवत बसलो.

२० नोव्हेंबर

एकदा घरी करून बघावे म्हणून मंडईतून भाजी आणली. पद्धत लिहून ठेवतो, इतकी वर्षे कुठे लिहिलेली नाही.

भाजी धुवायची नाही. एकेक नग कोरड्या फडक्याने पुसायचा. डाग असलेला बाजूला. वांगी वेगवेगळी वर्तमानपत्रात गुंडाळायची. भेंडी आणि गवार जुड्या करून. करंडीच्या तळाशी कडुलिंबाचा पाला, मग भाजी, पुन्हा पाला. वरून ओले गोणपाट, चारी बाजूंनी घट्ट. नदीकाठी वाळूत खड्डा करून करंडी त्यात ठेवायची, जांभळीच्या सावलीत. दिवसातून तीनदा गोणपाटावर पाणी शिंपडायचे. गोणपाट सुकू द्यायचे नाही, हे मुख्य.

इथे वाळू नाही. कुंडीतली माती वापरली. गॅलरीत सावली आहे.

हिंदुरावला यातले काही कळत नाही. वीस वर्षे तो नुसता बघत उभा राहायचा. पाणी फार होत नाही ना रे, एवढेच एकदा म्हणाला होता. मी म्हणालो, तू भाकरीचं बघ.

२३ नोव्हेंबर, रविवार

भेंडी बुळबुळीत झाली. गवारीवर पांढरी बुरशी. वांगी बरी दिसतात, पण देठाशी मऊ आहेत.

कारण उघड आहे. शहरातली हवा. खालून दिवसभर मुंबईकडे जाणाऱ्या हमरस्त्याचा धूर येतो. कुंडीतली माती म्हणजे नदीची वाळू नव्हे. घरच्या प्रयोगावरून काही सिद्ध होत नाही.

गेल्या वर्षी सहाव्या दिवशी करंडी उघडली होती ती आठवते. वांगी थोडी सुरकुतली होती, पण आत पांढरीशुभ्र. हिंदुरावने भरली वांगी केली. मी त्याला एक वांगे चिरून दाखवले आणि म्हणालो, बघ. तो म्हणाला, "मानलं बुवा तुला."

एका वर्षी तर दोडका निघाला होता. मी दोडका नेल्याचे मला आठवत नव्हते. हिंदुराव म्हणाला, "नेलायस की. विसरलास." वय होते आहे.

सातला फोन. सगळी भाजी खाली कचऱ्यात टाकून आलो तोवर थांबला होता.

२७ नोव्हेंबर

समोरच्या फ्लॅटमधली मुलगी आली होती. तिघी राहतात तिथे, संगणकाच्या कंपन्यांत कामाला जातात. हिचे नाव सृष्टी. चंद्रपूरकडची आहे. आजवर जिन्यात हसण्यापलीकडे ओळख नव्हती.

"काका, काही मेलं काय हो? वास येऊन राहिला."

"भाजी होती. टाकली रविवारीच. करंडीला वास राहिला असेल."

"फ्रीज बंद पडला काय?"

"फ्रीज चालू आहे. ही फ्रीजबाहेर ठेवायची होती."

"पण काऊन?"

मग सांगावे लागले. तंबू, नदी, आठवडा.

"वॉव. कोणासोबत?"

"एकटा."

"एकटेच जाऊन राहिले? ह्या थंडीत?" तिने आत डोकावून तंबू बघितला. "काका, मी काय म्हणते, आमच्या पिकनिकचा आइसबॉक्स आहे. तो घेऊन जा. एकदम टाइट आहे."

"बर्फ दोन दिवसांत वितळतो. पुढे काय, त्यात पोहायचं?"

ती हसली. "मग रेडी टू ईट न्या. पाकीट गरम पाण्यात टाकायचं, झालं. पालक पनीर पण येते."

"मी भाजी घेऊन चाललो आहे. पाकिटं न्यायची तर इथेच गॅलरीत तंबू लावला असता."

वाटले, रागावेल. रागावली नाही.

"बरं. पण पोचल्यावर फोन करा."

"तिथे फोन नाही."

"मग आम्हाला कसं समजणार?"

"काय समजणार?"

"तुम्ही बरे आहात ते."

उत्तराला ती थांबली नाही, तिची कंपनीची गाडी खाली हॉर्न वाजवत होती.

दार लावल्यावर लक्षात आले, या आठवड्यात एवढा वेळ मी कोणाशी बोललो नव्हतो. आत या म्हणायला हवे होते.

३० नोव्हेंबर, रविवार

सातला घरीच होतो. फोन वाजला नाही.

आठला रिसीव्हर उचलून बघितला. डायल टोन होता.

१ डिसेंबर

दुपारी फोन वाजला. सोमवार, म्हणून उचलला. हिंदुरावची बायको, वासंतीवहिनी होत्या.

"भाऊजी, काल लाइनच लागत नव्हती हो. किती वेळा केला ह्यांनी. बरे आहात ना?"

"उत्तम."

"हे विचारतायत, यंदा जाणार आहात का?"

"जाणार आहे. बाराला निघतोय."

त्यांनी ते मागे वळून सांगितले. मागून हिंदुरावचा आवाज आला. शब्द कळले नाहीत.

"भाऊजी, हे म्हणतायत, एकटे नका जाऊ. आणि जाणारच असाल तर भोपळा न्या. सुरण न्या, बटाटे न्या. एवढं ऐका म्हणतायत."

भोपळा. वीस वर्षांनंतर भोपळा.

"त्याला सांगा, भाजीचं खातं माझं आहे."

"तुम्हीच बोला ना. देते ह्यांच्याकडे."

मी म्हणालो, दूध उतू जातंय, आणि ठेवला.

दूध नव्हतेच. विचार केला तेव्हा वाईट वाटले ते एवढ्याचेच की वहिनींना खोटे सांगितले. हिंदुरावचे वाईट वाटले नाही. जो माणूस माझी भाजी वीस वर्षे खातो, तो बंगलोरला बसून भोपळा न्या म्हणतो, याचा अर्थ इतकी वर्षे त्याचा माझ्या पद्धतीवर विश्वास नव्हता. आता तर गेलेच पाहिजे. जाऊन, आठवडा काढून, मगच त्याचा फोन उचलायचा आणि सांगायचे.

७ डिसेंबर, रविवार

फोन वाजला. चांगला बराच वेळ.

११ डिसेंबर

पहाटे मार्केट यार्डला जाऊन भाजी घेतली. वांगी काटेरी देठाची, लहान. भेंडी बोटाएवढी. गवार कोवळी. विक्रेता म्हणाला, काय आजोबा, माळ जपताय का? एकेक शेंग निवडत होतो म्हणून. मी म्हणालो, देव पावला नाही तरी चालेल, शेंग टिकली पाहिजे. त्याने वजन चांगले केले.

दिवसभर पुसणे, गुंडाळणे. संध्याकाळी करंडी बांधून झाली. याहून चांगली करंडी आजवर बांधलेली नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार. नदीकाठ

स्वारगेटहून वेल्ह्यापर्यंत एस.टी., पुढे जीप, पुढे पायी. नेहमी करंडीची एक कडी त्याच्या हातात असायची आणि एक माझ्या. आज पहिल्यांदा तंबू नेऊन ठेवला, मग परत येऊन करंडी नेली. मधला वेळ करंडी रस्त्याकडेला होती. कोणी हात लावला नाही.

तंबू उभा करायला दोन माणसे लागतात. एक खांब धरतो, दुसरा दोरी ताणतो. खांब दगडांत उभा केला. दोनदा पडला. तिसऱ्यांदा राहिला, थोडा कलता.

वरच्या अंगाला गेनबाचे घर आणि शेत आहे. गुरे पाण्यावर घेऊन आला होता.

"राम राम साहेब. बापू कुठं हायत?"

हिंदुरावला हे लोक बापू म्हणतात. मला साहेब. असे का, ते कधी विचारले नाही.

"बंगलोरला गेले. मुलाकडे."

"म्हंजी येनारच न्हाईत?"

"नाही."

त्याने करंडीकडे बघितले, मग माझ्याकडे. "मंग तुमचं जेवनाखान्याचं कसं?"

"मी करणार."

"बरं," म्हणाला. "काय लागलं तर हाक मारा." गुरे घेऊन गेला. जाताना दोनदा मागे वळून बघितले.

करंडी वाळूत बसवली. गोणपाट ओले केले. कोथिंबीर आजच वापरली.

१३ डिसेंबर

थंडी फार आहे. सकाळी पाण्यात हात घालवत नव्हता.

सातला उठलो. मी नेहमीच सातला उठतो. हिंदुराव अंधार असतानाच उठायचा, शाल पांघरून लांब फिरून यायचा. लांब चालल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणायचा. मी उठेपर्यंत चूल पेटलेली, चहा तयार, आणि स्वारी भाजी चिरत बसलेली. आज चूल पेटवण्यातच नऊ वाजले.

भात खाली लागला. भेंडी कच्ची राहिली. पण ताजी होती. मोडल्यावर टचकन आवाज आला.

तीनदा पाणी शिंपडले.

१४ डिसेंबर, रविवार

गवार केली. मीठ दोनदा पडले.

दुपारी पाण्याशी बसून होतो. पलीकडच्या काठावर खंड्या होता. बघ, म्हणून बाजूला वळलो.

संध्याकाळी घड्याळ बघितले तर सात. तिकडे पुण्यात, वारज्याच्या रिकाम्या घरात फोन वाजत असेल. इथे ऐकू येत नाही ते बरे.

आज दिवसभरात एकही शब्द बोललो नाही. रात्री झोपण्यापूर्वी मोठ्याने म्हणालो, गोणपाट ओलं आहे. आवाज घोगरा निघाला.

१५ डिसेंबर

भेंडी गेली. हात लावला तर बोटांना तार आली. उरलेल्या गवारीवर पांढरे ठिपके. वांगी ठीक असावीत, कागद उघडले नाहीत. उघडले की हवा लागते.

पाणी कमी पडले असणार. आज पाचदा शिंपडले.

१६ डिसेंबर

सगळे गेले.

वांगी कागदातच काळी पडली आहेत. कागद आणि साल एक झाले आहे. मिरच्यांचा लगदा झाला आहे. करंडी उपसून वाळूवर मांडली आणि एकेक नग बघितला. एकही वांगे धड नाही.

तीच करंडी, तीच जागा, तीच जांभळीची सावली. वीस वर्षांत असे कधी झाले नाही. बियाणे बदलले असेल. हल्ली सगळे संकरित. रंग येतो, दम नसतो. किंवा कडुलिंबाचा पाला जून होता. किंवा मी काहीतरी विसरलो आहे जे दर वर्षी करत होतो. दिवसभर तेच आठवत बसलो. काही सापडले नाही.

खड्डा होताच. त्यातच भाजी पुरली.

रात्री भात आणि कांदा. कांदा टिकला आहे.

१७ डिसेंबर

परत जायचे ठरवले. आठवडा पुरा होत नाही, पण भाजीशिवाय आठवड्याला काही अर्थ नाही. सामान खाली न्यायला कोणी मिळेल का ते विचारायला गेनबाच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत त्याच्या अंगणात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवले. नियमामुळे कधी काम पडले नव्हते.

त्याची बायको दुर्गाबाई ज्वारी पाखडत होती. तिने घोंगडी टाकली.

"बसा साहेब. च्या टाकते. औंदा भाजी न्यायला कुनी आलंच न्हाई."

मी म्हणालो, "आम्ही गावातून काही घेत नाही."

"तुमी न्हाई घेत. बापू न्यायचं की. पाटंचं यायचं, अंधारात. शालीत बांधून न्यायचं."

गेनबा दारात उभा होता. "गप की तू," तो म्हणाला.

"गप काय? चोरी केली का त्येंनी? रोकडा दिऊन न्यायचं. आन तुमची ती नासकी घिऊन यायचं, आमच्या म्हशीला. म्हस वाट बघायची पाटंची."

मी चहा प्यायलो. गेनबा म्हणाला, "साहेब, तिचं काय मनावर घिऊ नका." मी म्हणालो, चहा चांगला आहे. सामानाचे विचारायचे राहिले. खाली आलो.

लांब चालल्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणायचा.

दोडका मी नेला नव्हता.

संध्याकाळ

राग येतो आहे. वीस वर्षे माझ्यासमोर बसून, मानलं बुवा म्हणत, तो दुसऱ्याच्या शेतातली वांगी चिरत होता. मी त्याला पद्धत समजावून सांगायचो. तो मान डोलवायचा. मनात किती हसत असेल. घरी जाऊन वहिनींना सांगत असेल, अभिनवला सांगत असेल. सगळे घर मिळून हसले असेल.

पण हसण्यासाठी कोणी डिसेंबरच्या थंडीत पाचला उठेल का? एका वर्षी उठेल. दोन वर्षे उठेल.

मला सांगता आले असते. गोपाळ, तुझी भाजी सडते, एवढे चार शब्द. मी काय केले असते? नियम मोडला नसता. भात-कांदा खाल्ला असता आणि पुढच्या वर्षी आलो नसतो. हे त्याला माहीत असणार. पण म्हणून हे सगळे करायचे, हे मला समजत नाही.

रविवारी फोन आला की विचारायचे. सरळ विचारायचे. का केलेस?

१८ डिसेंबर

पहाटे जाग आली. मुद्दाम उठलो असे नाही. शाल घेतली आणि वर गेलो. वाट दिसत नव्हती. दगडांवरून दोनदा घसरलो. गुडघा फुटला. नदीपासून घर आहे त्याहून लांब वाटले. चढ आहे, हे उजेडात कळले नव्हते.

दुर्गाबाई उठलेली होती. मला बघून तिला नवल वाटले नाही. आत गेली आणि सुपात वांगी घेऊन आली. सुकलेली, देठ वाळलेले, साल सुरकुतलेली.

मी म्हणालो, "ताजी नाहीत?"

"ताजी हायत की. लागंल तेवढी. पर तुमच्याकडं कालचीच लागत्यात न्हवं?"

"कोण म्हणालं?"

"बापू. पयल्यापास्नं. म्या म्हनायची, बापू, बांधावर झाडं हायत, तोडून देते ताजी. तर न्हाई. कालची दे म्हनायचं, परवाची असली तर लई बेस. तुमी याच्या आदी म्या चार-चार दीस तोडून उनाला टाकून ठिवायची. म्हनलं, पुन्याच्या मानसांचं खानंच न्यारं." ती हसली. "औंदाबी ठिवली व्हती."

गेल्या वर्षी मी जे वांगे चिरून त्याला दाखवले होते, ते हिने उन्हात टाकून ठेवलेले होते.

तिने विचारले, "मंग ताजी देऊ का?"

मी म्हणालो, "नको. हीच द्या."

पैसे घेईना. म्हणाली, म्हशीची भाजी तुमी औंदा पुरली, तिला वाईट वाटलं असंल. पुरताना गेनबाने बघितले असावे. वांगी शालीत घेतल्यावर मी पैसे रिकाम्या सुपात ठेवले.

शालीत बांधून आणली. चूल लवकर पेटली. वांग्याची भाजी केली. मसाला कसा भरायचा ते माहीत नाही, म्हणून फोडी करून टाकल्या. तेल जास्त पडले. सगळी खाल्ली.

मुक्काम पुरा करायचे ठरवले.

२० डिसेंबर, शनिवार. पुणे

काल संध्याकाळी पोचलो. गेनबाने बैलगाडीतून जीपपर्यंत सोडले. करंडी रिकामी होती तरी एक कडी त्याने धरली.

जिन्यात सृष्टी भेटली. "आले काय काका? टिकली भाजी?"

"नाही," मी म्हणालो. "सडली."

हे मी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितले. वाटले होते तेवढे कठीण गेले नाही.

"अरेरे. मग खाल्लं काय?"

म्हटले, आत या, सांगतो. चहा केला. तिला सगळे सांगितले नाही. नदीचे सांगितले, म्हशीचे सांगितले. ती हसली. तिने आमच्या मुक्कामाचे फोटो मागितले, तेव्हा लक्षात आले की वीस वर्षांत आम्ही एकही काढलेला नाही.

२१ डिसेंबर, रविवार

सातला फोन वाजला. उचलला.

पलीकडून आधी नुसते खाकरणे ऐकू आले. त्याला बहुधा उचलला जाण्याची सवय राहिली नव्हती.

"गोपाळ?"

"हो."

"आलास का जाऊन?"

"आलो."

"एकटाच?"

"एकटाच. तंबू कलता लागला."

"खांबाला दगड लावायचे बाहेरून. आतून नाही." मग थांबला. "भाजीचं कसं झालं?"

"पाचव्या दिवशी गेली."

नातवाचा आवाज येत होता. टीव्हीही लागलेला असावा.

"यंदा थंडीच नाही ना पडली," तो म्हणाला. "थंडी नसली की कोणाचीही भाजी जाणार. तुझ्या पद्धतीत काही चूक नाही."

विचारायचे ठरवले होते. का केलेस, एवढेच विचारायचे होते. वाक्य पाठ होते.

"हो," मी म्हणालो. "थंडी नव्हती."

"मग खाल्लंस काय रे? नुसता भात?"

"वांगी खाल्ली."

"कुठली वांगी?"

"दुर्गाबाईंनी दिली."

मला वाटले, लाइन तुटली. मग त्याचा श्वास ऐकू आला.

"ताजी होती?" त्याने विचारले.

"नाही," मी म्हणालो. "कालची."

मागे नातू रडायला लागला. वहिनींनी हिंदुरावला दोनदा हाक मारली, अहो, घ्या ना याला. तो गेला नाही. फोन दोघांनीही धरून ठेवला.